टेबलावरचा स्कॅनर : जोडणी, वापर आणि खरखर

रेडिओ स्कॅनर हे दुसऱ्यांचे बोलणे ऐकण्यासाठी पदरचे पैसे मोजून घेतलेले यंत्र आहे. साधा रेडिओ एका स्टेशनवर बसतो आणि तिथेच रमतो. स्कॅनर मेमरीत भरलेल्या फ्रिक्वेन्सींवरून एकामागून एक उड्या मारत जातो, सेकंदाला शंभराच्या आसपास, आणि कोणी बोलत असेल तिथे थांबतो. बोलणे संपले की उत्तर येते का म्हणून दोनेक सेकंद थांबतो आणि पुन्हा निघतो. अमेरिकेत हे यंत्र पन्नासहून अधिक वर्षे दिवाणखान्यात, गॅरेजमध्ये आणि उशाच्या टेबलावर नांदते आहे. त्यावर पोलीस, अग्निशमन दल, रुग्णवाहिका, रेल्वे, विमाने आणि बोटी ऐकू येतात असे खोक्यावर छापलेले असते. ते खोटे नसते. ही सगळी मंडळी दिवसाचा बहुतेक वेळ गप्प असतात, एवढेच छापायला जागा उरलेली नसते.

त्यामुळे स्कॅनरची जोडणी म्हणजे, काय ऐकायचे नाही हे यंत्राच्या गळी उतरवण्याचा उद्योग. नवा मालक सगळे ऐकायला बसतो. मुरलेला मालक बटणे दाबून एकेकाला गप्प करत बसतो, आणि त्याच्या यंत्रातून काहीच येत नसले की तो समाधानी दिसतो.

पूर्वी हे काम सोपे होते, कारण ऐकण्याची सोयच बेताची होती. 1970च्या दशकातल्या स्कॅनरला प्रत्येक फ्रिक्वेन्सीसाठी वेगळा क्वार्ट्झ स्फटिक लागे. आठ चॅनल हवे तर आठ स्फटिक, प्रत्येकाचे पैसे वेगळे. अग्निशमन दलाने फ्रिक्वेन्सी बदलली की स्फटिक निकामी. दल शौकिनांना विचारून बदल करत नसे. मग इंडियाना राज्यातल्या इलेक्ट्रा कंपनीच्या ‘बेअरकॅट 101’ने स्फटिक घालवले आणि त्यांच्या जागी खटक्यांची रांग आणली. कोडच्या पुस्तिकेत फ्रिक्वेन्सी शोधायची, तिच्यासमोर छापलेल्या क्रमाने खटके वर-खाली करायचे, आणि एक जरी चुकला तरी भलत्याच गावाची शांतता ऐकत बसायचे. त्यानंतर आकड्यांची बटणे आली. बेअरकॅट हे नाव पुढे युनिडेन या जपानी कंपनीकडे गेले आणि अजून बाजारात आहे. दुसरा मोठा आधार होता रेडिओशॅकच्या दुकानांचा. ती साखळी 2015 मध्ये दिवाळ्यात गेली आणि वायरच्या टोकाला बसणारी छोटी खोबणी कुठे मिळते हे सांगणारा माणूस अमेरिकेतून नाहीसा झाला.

कायद्याचे कलम आधीच उरकलेले बरे. घरात बसून उघड्यावरचे प्रक्षेपण ऐकायला अमेरिकेत सर्वसाधारणपणे हरकत नाही. मोबाइल फोनवरचे बोलणे ऐकायला 1986च्या कायद्याने मनाई आहे, आणि 1994 पासून मोबाइलचे पट्टे कापलेले नसतील असा स्कॅनर तिथे बनवताही येत नाही, आयातही करता येत नाही. म्हणून 800 मेगाहर्ट्झच्या प्रदेशात फिरणारा स्कॅनर 824 ला पोचला की डोळे मिटून थेट 849 ला उघडतो. जुन्या, न कापलेल्या यंत्रांनी काय होऊ शकते याचा दाखला डिसेंबर 1996 मध्ये मिळाला. फ्लोरिडातल्या एका जोडप्याने गाडीतल्या स्कॅनरवर संसदेच्या सभापतींची, न्यूट गिंग्रिच यांची, पक्षसहकाऱ्यांशी चाललेली फोनवरची खलबते पकडली आणि टेप केली. टेप विरोधी पक्षाकडे गेली, तिथून वर्तमानपत्रात आली, आणि जोडप्याला प्रत्येकी 500 डॉलर दंड झाला. स्कॅनरवर इतके मोलाचे काही ऐकू येण्याचा प्रसंग इतका विरळा, की शौकीन मंडळी ही हकिगत आजही सांगतात. गाडीत स्कॅनर बाळगण्यावर काही राज्यांची बंधने आहेत. त्यांत न्यूयॉर्क आहे, केंटकी आहे आणि बेअरकॅटची जन्मभूमी इंडियानाही आहे.

भारतातल्या वाचकाने मात्र अमेरिकेतल्या भाच्याला ‘येताना एक घेऊन ये रे’ असे सांगू नये. इथे 1933च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ ठेवायलाच मनाई केली होती. साध्या रेडिओचे लायसन्स पोस्टात जाऊन भरल्याचे अनेक घरांतल्या आजोबांना आठवत असेल. रेडिओचे लायसन्स गेले, पण पोलिसांचे बोलणे ऐकणाऱ्या यंत्राबद्दलचा सरकारचा दृष्टिकोन तेवढा मोकळा झालेला नाही. कस्टमच्या साहेबाला ‘हा फक्त ऐकायचा आहे’ असे सांगून भागत नाही. त्याची हरकत ऐकण्यालाच असते.

यंत्र घरात आले की पहिला प्रश्न जागेचा. स्कॅनर जे ऐकतो ते बरेचसे सरळ रेषेत येते, म्हणून वरचा मजला आणि खिडकीजवळचे टेबल उत्तम. घरातली मंडळी त्याला नेमून देतात ती जागा तळघरातली असते, राउटर आणि वॉशिंग मशीनच्या मधली. भिंतींचेही पाहावे लागते. चकचकीत फॉइल लावलेले उष्णतारोधक आवरण, गिलाव्यातली तारेची जाळी आणि धातूचा पातळ थर दिलेली नव्या धाटणीची खिडकीची काच, ही तिन्ही रेडिओलहरींना बाहेरच उभे करतात. विजेचे बिल वाचवण्यासाठी डागडुजी केलेले घर स्कॅनरच्या दृष्टीने डबाबंद असते.

सोबत आलेली दुर्बिणीसारखी लांबणारी अँटेना मागच्या खोबणीत बसवावी आणि उभी ठेवावी. पोलिसांच्या आणि अग्निशमनाच्या गाड्यांवरच्या अँटेना उभ्या असतात, त्यामुळे लहरीही उभ्याच येतात. अँटेना पूर्ण बाहेर ओढली की जास्त ऐकू येते हा समज सार्वत्रिक आहे आणि चुकीचा आहे. 75 ला मेगाहर्ट्झने भागले की लहरीची पाव लांबी मीटरमध्ये मिळते. 155 मेगाहर्ट्झच्या अग्निशमन दलासाठी ती सुमारे 48 सेंटिमीटर, 460 च्या पोलिसांसाठी 16, आणि 850 च्या आसपासच्या नव्या यंत्रणेसाठी जेमतेम 9. म्हणजे शहर जेवढे आधुनिक, तेवढी अँटेना आत ढकलायची. पाहुण्यांवर छाप पाडण्यासाठी ती पूर्ण उघडायला हरकत नाही.

काही दिवसांनी मालकाची नजर छताकडे जाते. छपरावर डिस्कोन जातीची अँटेना लावली की फरक खरोखर जाणवतो. ती दिसायला काड्या उरलेल्या, कापड उडालेल्या छत्रीसारखी दिसते, आणि शेजाऱ्यांना तिचा खुलासा द्यावा लागतो. तिथून खाली येणारी वायर चांगली हवी, कारण फ्रिक्वेन्सी वाढते तशी वायरमधली गळती वाढते. टीव्हीसाठी मिळणारी आरजी 6 ही स्वस्त वायर इथे पुरते. ती 50 ऐवजी 75 ओहमची असते यावर शौकीन तासन्‌तास वाद घालतात. ऐकण्यापुरता फरक नगण्य असतो. छपरावर चढण्याआधी मात्र विनोद बाजूला ठेवावा. विजेच्या तारांपासून अँटेना इतकी लांब हवी की पडली तरी तारांवर पडणार नाही, आणि खांब व वायर दोन्हींना नीट अर्थिंग हवे. वादळात अँटेनाची वायर काढून ठेवतात. नेमके तेव्हाच ऐकण्याजोगे काही चाललेले असते, पण त्याला इलाज नाही.

आता स्क्वेल्च. स्कॅनरवरचे हे सर्वांत महत्त्वाचे आणि सर्वांत छळलेले बटण. ते डावीकडे पूर्ण फिरवले की यंत्र अखंड खरखरते, आणि खरखर हेच बोलणे समजून एकाच चॅनलवर ठाण मांडते. उजवीकडे पूर्ण फिरवले की प्रत्यक्ष घराला आग लागली तरी त्याविषयी चकार शब्द काढत नाही. योग्य रीत अशी: ज्या चॅनलवर कोणी बोलत नाही तिथे थांबायचे, खरखर सुरू होईपर्यंत बटण डावीकडे आणायचे, मग हळूहळू उजवीकडे, आणि खरखर जिथे तुटते तिथून केसभर पुढे. केसभर म्हणजे केसभरच. खरखरीला कंटाळलेला माणूस बटणाला वीतभर फिरवतो आणि मग आठवडाभर ‘आपल्या गावात गुन्हेच होत नाहीत’ या समाधानात राहतो.

फ्रिक्वेन्सी भरण्याचे काम साध्या यंत्रात सोपे आहे. युनिडेनच्या बीसी 355 एन या साध्या नमुन्यात 300 चॅनल मावतात, दहा कप्प्यांत वाटलेले. चॅनल निवडायचा, आकडे दाबायचे, नोंद करायची. दहा-वीस चॅनल भरल्यावर थांबणारा माणूस शहाणा, पण तो सहसा आढळत नाही. बाकीचे तीनशेही भरतात. त्यांत शेजारच्या तालुक्याचे बर्फ उपसणारे ट्रक, बंद पडलेली टॅक्सी कंपनी आणि शाळेच्या बसेस येतात, आणि मग आग लागली त्या क्षणी यंत्र बसचालकाचे ‘एक मुलगा डबा विसरला’ ऐकत थांबलेले असते. अशा वेळी लॉकआउटचे बटण कामी येते. ते दाबले की तो चॅनल वगळला जातो. बसचालकापासून सुरुवात होते, मग ट्रक, मग टॅक्सी. एखाद्या रात्री रागाच्या भरात सगळेच वगळले जातात आणि पडद्यावर सगळे चॅनल बंद असल्याची सूचना येते. दुकानात परत आलेल्या ‘बिघडलेल्या’ यंत्रांचा हा एक ठरलेला आजार आहे.

काही यंत्रांत संगणकाला जोडून यादी एकदम भरायची सोय असते. तिच्यासाठी खास केबल लागते, केबलला ड्रायव्हर लागतो आणि ड्रायव्हरला वेगळा पोर्ट नंबर लागतो. स्वस्तातल्या केबलमधली चिप नकली असली तर नवा ड्रायव्हर तिला ओळख दाखवत नाही. या टप्प्यावर बोटांनी तीनशे चॅनल भरणारा माणूस चहा पिऊन ऐकायला बसलेला असतो.

खरी परीक्षा ट्रंकिंगची. जुन्या पद्धतीत पोलिसांची एक फ्रिक्वेन्सी, पाणीपुरवठ्याची दुसरी, आणि बोलणारा नसला तरी ती राखीव. ट्रंकिंगमध्ये चार-सहा किंवा वीस-पंचवीस फ्रिक्वेन्सी सगळ्या खात्यांत सामाईक असतात, बँकेत टोकन घेतल्यावर जो काउंटर मोकळा होईल तिथे जावे तशा. टोकन वाटण्याचे काम कंट्रोल चॅनल करतो, आणि आपापसांत बोलणाऱ्या एका गटाला टॉकग्रुप म्हणतात. साध्या स्कॅनरने अशा फ्रिक्वेन्सी ऐकल्या तर पोलिसाच्या प्रश्नाला कचरा गाडीचा चालक उत्तर देतो. शिवाय कंट्रोल चॅनलवर अखंड डेटा वाहत असतो. तो घुरघुर असा आवाज ऐकून काही नवखे मालक यंत्र दुरुस्तीला पाठवतात.

पुढची पायरी डिजिटल. प्रोजेक्ट 25 ही अमेरिकी पोलिस-अग्निशमनाची पद्धत ऐकायला महागडे यंत्र लागते. 2019 मध्ये आलेल्या एसडीएस 200 ची किंमत 700 डॉलरच्या आसपास होती. त्या किमतीला कारण आहे. मोठ्या शहरात तेच बोलणे अनेक मनोऱ्यांवरून एकाच वेळी, एकाच फ्रिक्वेन्सीवर सोडतात. दोन मनोऱ्यांचे संदेश सूक्ष्म अंतराने पोचले की स्कॅनरचा गोंधळ होतो आणि माणसे पाण्याखालून बोलल्यासारखी येतात, किंवा तुकड्यातुकड्याने. याला सिमलकास्टचा दोष म्हणतात. इथे चांगली, उंच अँटेना लावल्याने परिस्थिती बिघडते, कारण आणखी मनोरे ऐकू येतात. छपरावर चढून डिस्कोन बसवलेल्या माणसाला ‘छोटी अँटेना लाव, खाली ठेव, एका मनोऱ्याकडे कर’ असे सांगणे हे या छंदातले सर्वांत नाजूक काम आहे.

सगळे जमल्यावर काय ऐकू येते? पोलिसांचे बोलणे म्हणजे मुख्यतः गाड्यांचे नंबर. अक्षरे सांगताना ते ॲडम, बॉय, चार्ल्स म्हणतात, विमानवाले अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतात. टेन-फोर म्हणजे ‘कळले’ हे सगळ्यांना ठाऊक असते. बाकीचे टेन-कोड गावागणिक बदलतात, त्यामुळे एका गावात जेवणाची सुट्टी असलेला आकडा दुसऱ्या गावात मारामारी असू शकतो. मोठ्या आपत्तीत वेगवेगळी दले एकत्र आली की घोटाळा नको म्हणून 2006 मध्ये केंद्र सरकारने अशा वेळी साध्या भाषेचा आग्रह धरला. रोजच्या वापरातले कोड बऱ्याच ठिकाणी तसेच राहिले.

162.400 ते 162.550 मेगाहर्ट्झ यांच्यामधल्या सात फ्रिक्वेन्सींवर सरकारी हवामान वार्ता चोवीस तास चालते. 1990च्या दशकाच्या अखेरीपासून ती संगणकाच्या आवाजात आहे. तो आवाज चक्रीवादळ आणि किंचित ढगाळ सकाळ या दोन्ही गोष्टी एकाच अलिप्ततेने सांगतो. हा चॅनल कधीच गप्प होत नसल्याने तो चुकून स्कॅनच्या यादीत आला तर यंत्र तिथून हलत नाही. दोन दिवस आर्द्रतेचे प्रमाण ऐकल्यावर मालकाला शंका येते.

रेल्वेच्या 160 ते 161 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात तर एक खास रत्न आहे. रुळांच्या कडेला ठरावीक अंतरावर तापलेले बेअरिंग हुडकणारी यंत्रे बसवलेली असतात. मालगाडी पूर्ण गेली की यंत्र रेडिओवर बोलते: रेल्वेचे नाव, मैलाचा आकडा, मग ‘दोष नाही, एकूण ॲक्सल दोनशे बारा’. संपले. मध्यरात्री अंधारात, कान लावून, कुठल्याशा गाडीला काही झालेले नाही हे एका यंत्राने सांगितलेले दुसऱ्या यंत्रातून ऐकणारे जाणते लोक अमेरिकेत आहेत. ते ॲक्सलवरून डब्यांचा हिशेब करतात आणि वहीत लिहून ठेवतात. या छंदातले सर्वांत सुखी लोक हेच असावेत.

आता बिघाड. आवाज अजिबात येत नसेल तर यंत्र उघडण्याआधी मागच्या बाजूला हेडफोन अडकवलेला आहे का ते पाहावे. मग स्क्वेल्च, मग लॉकआउट. जुन्या यंत्रात वीज गेल्यावर मेमरी टिकवायला नऊ व्होल्टची बॅटरी असते. ती कुणीच बदलत नाही, आणि मग दिवे गेले की तीनशे चॅनल जातात.

एकाच चॅनलवर यंत्र उगाच थांबत असेल तर अँटेना काढून पाहावी. तरीही थांबत असेल तर तो आवाज यंत्राच्या स्वतःच्या पोटातला आहे. शौकीन त्याला बर्डी म्हणतात. तो चॅनल वगळावा किंवा फ्रिक्वेन्सी किंचित हलवावी. अँटेना काढल्यावर आवाज बंद झाला तर दोषी घरात किंवा शेजारी आहे. मग घरातली एकेक वस्तू बंद करत जायचे: एलईडी दिवा, फोनचा चार्जर, टीव्ही, राउटर. गुन्हेगार बहुतेक वेळा सर्वांत स्वस्त चार्जर निघतो, आणि कधी कधी तो खुद्द स्कॅनरला वीज पुरवणारा, मूळचा हरवल्यावर आणलेला ॲडॅप्टर असतो. त्याच्या वायरवर फेराइटचा मणी चढवला तर त्रास कमी होतो. राउटर बंद केल्यावर खरखर थांबली, तरी तो बंद ठेवण्याचा ठराव घरात मंजूर होत नाही.

विमानांच्या पट्ट्यात सिनेमाची गाणी किंवा गाड्यांच्या जाहिराती ऐकू आल्या तर वैमानिकांवर संशय घेऊ नये. जवळच्या एफएम केंद्राचा जोर इतका असतो की यंत्राचे पुढचे दार बंद होत नाही. काही वेळा हिशेब अगदी सुबक निघतो. स्कॅनरच्या आतली मधली फ्रिक्वेन्सी 10.7 मेगाहर्ट्झ असली तर तिच्या दुपटीच्या, म्हणजे 21.4 च्या अंतरावर भूत दिसते, आणि 97.1 चे केंद्र 118.5 वर अवतरते. येणाऱ्या लहरींचा जोर कमी करणारे अटेन्युएटरचे बटण दाबावे, नाहीतर एफएमचा पट्टा गाळणारा छोटा फिल्टर वायरमध्ये बसवावा. हे पैसे सत्कारणी लागतात.

संभाषणाची एकच बाजू ऐकू येत असेल, म्हणजे ‘बरे’, ‘किती?’, ‘आत्ता कुठे आहे तो?’ एवढेच, तर गाडीवाले दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर बोलत आहेत. तीही यादीत भरावी. आवाज सगळीकडेच बारीक असेल तर यंत्र जुने आहे: 1 जानेवारी 2013 पासून अमेरिकेत 512 मेगाहर्ट्झखालच्या बहुतेक सरकारी आणि व्यावसायिक संचांना चॅनलची रुंदी 25 वरून 12.5 किलोहर्ट्झवर आणावी लागली, आणि रुंद कानाच्या जुन्या स्कॅनरला हे अरुंद बोलणे पुटपुटल्यासारखे वाटते. आवाज वाढवला की मधेच एखादा जुना संच बोलतो आणि घरभर सगळे दचकतात.

शेवटचा बिघाड बिघाड नाही. सगळे बरोबर आहे, टॉकग्रुप पडद्यावर येतो, आणि आवाज येत नाही. ते बोलणे सांकेतिक केलेले आहे आणि कोणताही विकत मिळणारा स्कॅनर ते उलगडत नाही. डेन्व्हरच्या पोलिसांनी 2019 मध्ये, तर न्यूयॉर्कच्या पोलिसांनी 2023 पासून टप्प्याटप्प्याने ही वाट धरली. वर्तमानपत्रांनी आरडाओरडा केला, कारण रात्रपाळीच्या बातमीदाराच्या टेबलावर पिढ्यान्‌पिढ्या स्कॅनरच असे. यावर अँटेना, फिल्टर, सातशे डॉलर यांतले काही चालत नाही. अग्निशमन दले अनेक ठिकाणी अजून मोकळी आहेत. विमाने आणि बोटी मोकळ्या आहेत, आणि ॲक्सल मोजणारे यंत्र तर कुणाच्याच बंदीत नाही.

हे कळण्याआधी बहुतेक जण रीसेट करून पाहतात. ठरावीक बटणे दाबून ठेवत यंत्र चालू केले की मेमरी कोरी होते. सांकेतिक बोलणे त्याने उलगडत नाही, पण तीनशे चॅनल खात्रीने पुसले जातात. म्हणून फ्रिक्वेन्सींची यादी आधी कागदावर उतरवून ठेवावी, आणि कागदावर वर ठळक अक्षरांत ‘स्कॅनर’ असे लिहावे. नुसते आकडे लिहिलेला कागद घरातले दुसरे माणूस वाण्याची जुनी बिले म्हणून रद्दीत टाकते.